वळणावरचा खळगा

तुम्ही त्या बायकांच्या कमरेवर रिकाम्या घागरी दिल्यात आणि जगाला सांगताय की त्या भरलेल्या आहेत. तुम्हाला हे माहीत होतं. माहीत नसेल तर तो त्याहून मोठा गुन्हा आहे, कारण दोन हजार वर्षांच्या पायऱ्या सांभाळायला ज्यांना खुर्च्या दिल्यात, त्यांनी आयुष्यात एकदा तरी पाण्यानं भरलेलं भांडं घेऊन एक जिना चढलेला असावा, एवढी अपेक्षा कुणीही करेल. तुमच्यापैकी कोण चढलंय? हात वर करा.

वास्तूवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीला लिहायचं हे पत्र अजून कागदावर आलं नव्हतं. ते चालबाईच्या डोक्यात होतं, आणि सोमवार सकाळपासून त्याच्या सहा सुरुवाती होऊन गेल्या होत्या. चालबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती ज्या स्टुडिओत कामाला होती तिथं जुन्या वास्तूंसाठी कॉम्प्युटरवर माणसं बनवत. एक जण त्यांचे चेहरे करायचा, एक जण कपडे, एक जण त्यांना आवाज द्यायचा, आणि ही त्यांना चाल द्यायची, म्हणून चालबाई. शहराबाहेरच्या डोंगरात खडकात खोदलेलं एक पुरातन टाकं होतं. ब्याण्णव पायऱ्या खाली उतरायच्या, मध्ये एक वळण, आणि तळाशी काळं पाणी. आता लोक तिथं येणार, तोंडावर एक जाड चष्मा चढवणार, आणि त्या ओसाड पायऱ्यांवर त्यांना दोन हजार वर्षांपूर्वीची चाळीस माणसं हिंडताना दिसणार. सरकारी कागदात त्यांना आभासी मानव म्हणत. स्टुडिओत सगळे भुतं म्हणत. भुतांचे पाय उलटे असतात म्हणतात, ते सुलटे करायचं काम आमच्या बाईंचं, असा एक विनोद तिथं गेली सहा वर्षं चालू होता आणि सांगणारा प्रत्येक वेळी तो नव्यानं सुचल्यासारखा सांगायचा.

सोमवारी लिफ्ट बंद होती. चालबाई जिन्यानं निघाली तेव्हा तिच्यापुढं जारवाला चढत होता, खांद्यावर वीस लिटरचा पाण्याचा जार. हा माणूस चार वर्षं स्टुडिओत पाणी देत होता आणि चार वर्षांत तिनं त्याला फक्त लिफ्टमधून बाहेर पडताना पाहिलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला. मोकळा हात त्यानं भिंतीवर टेकवला, सगळी बोटं पसरून, आणि तो नुसता उभा राहिला. कुठं बघत नव्हता. डोळे उघडे होते पण त्यांना काही काम नव्हतं. मान किंचित जाराच्या उलट बाजूला कललेली, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा ताठ, आणि श्वास पोटातून नाही तर पाठीतून चालल्यासारखा. पाच सेकंद, सहा सेकंद. मग त्यानं हात काढला आणि तो पुढं चढला, आणि ज्या जागी हात होता तिथं भिंतीवर एक करडा डाग चालबाईला दिसला. तो डाग आजचा नव्हता. लिफ्ट जितक्या वेळा बंद पडली असेल तितक्या दिवसांचा होता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तस्साच दुसरा. ती त्या डागापाशी थांबली तसा वरून जारवाला ओरडला, "काय ताई, भिंतीला टेकू देताय का? पडणार नाही ती, चला!"

ती स्टुडिओत पोचली तेव्हा त्यानं जार स्टँडवर उलटा करून बसवला होता आणि हात पुसत तो भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडं बघत उभा होता. पडद्यावर टाक्याच्या पायऱ्या होत्या आणि अकरा बायका कमरेवर घागरी घेऊन वर येत होत्या. सुंदर बायका. डौलात पावलं टाकत, एकमेकींकडं बघून हसत. या अकरा बायकांवर चालबाईनं पाच महिने घातले होते. जारवाल्यानं मान तिरकी केली आणि अगदी साध्या आवाजात, जसं रस्त्यात कुणाला पत्ता विचारावा तसं विचारलं, "या रिकाम्या घागरी घेऊन कुठं चालल्यात?"

"रिकाम्या कुठं? भरल्यात त्या," आवाज बसवणारा म्हणाला. "पाणी दिसतंय की वर, चमकतंय बघ."

"चमकत असेल," जारवाला म्हणाला. "वजन नाही त्यांना." आणि रिकामा जार बोटात अडकवून तो निघून गेला.

एवढंच झालं. या शहरात सकाळी साडेनऊला याहून मोठ्या गोष्टी होतात, माणसं गाड्यांखाली येतात, नोकऱ्या जातात. पण चालबाई खुर्चीत बसली आणि तिला वाटलं, कुणीतरी आपल्या छातीवरचं बटण काढून आत बघितलं. तिनं पहिली बाई पडद्यावर मोठी करून घेतली, कपडे काढून टाकले, चेहरा काढला, कातडी काढली, आणि मागं राहिल्या फक्त सांध्यांच्या जागी हलणाऱ्या ठिपक्यांच्या रेषा. त्यात खोटं लपत नाही. कमरेचा ठिपका घागरीकडं झुकत नव्हता. घागरीच्या बाजूची टाच आधी पडत नव्हती. पाठ सरळ होती. जिच्या अंगावर बारा किलो पाणी आहे तिची पाठ सरळ राहूच शकत नाही, तिला त्या पाण्याशी भांडण करून स्वतःला उभं ठेवावं लागतं, आणि ते भांडण पायाच्या अंगठ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत दिसतं. या अकरा जणींचं कुणाशी काही भांडण नव्हतं. फिरायला निघाल्यासारख्या निघाल्या होत्या.

आणि हे कसं झालं ते तिला ठाऊक होतं, त्याचाच तर संताप होता. चाल टिपायचं काम असं होतं: एका मोठ्या खोलीत चोहोबाजूंनी कॅमेरे, मध्ये एक माणूस अंगाला चिकटलेल्या काळ्या पोशाखात, पोशाखावर सांध्यासांध्याला पांढरे गोळे, आणि तो माणूस जे करेल ते सगळं कॉम्प्युटर लिहून घेणार. या कामाला एक नर्तकी आणली होती, चांगली मुलगी, कष्टाळू. तिच्या हातात थर्माकोलची घागर दिली होती. पाणी चालणार नाही, खोलीच्या फरशीखाली वायरी आहेत, असा नियम होता. नर्तकीनं कमरेवर थर्माकोल घेतलं आणि विचारलं, "यात पाणी आहे असं समजायचं ना?" आणि तिला उत्तर कोणी दिलं? समितीनं नाही. मालकांनी नाही. चालबाईनं स्वतः, वहीतून डोकं वर न काढता दिलं, "हो, समजायचं." अकरा वर्षं, वयाच्या आठव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत, जिनं तळमजल्याच्या नळावरून चौथ्या मजल्यावर पाणी चढवलं होतं, तिनं. समजायचं म्हणे. पत्राची दुसरी सुरुवात तिनं इथंच खोडली होती, कारण 'तुम्ही' म्हणून रोखलेलं बोट सारखं वळून तिच्याकडंच येत होतं.

ती मालकांच्या खोलीत गेली. मालक मनानं वाईट नव्हते. त्यांना सगळे मागून 'होईलकरू' म्हणत, कारण त्यांना काहीही सांगा, ते म्हणत, "होईल, करू," आणि त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत ते काम कायमचं पडून राही.

"बायकांच्या चाली परत टिपायला लागतील," ती म्हणाली. "घागरी भरून."

मालकांनी चष्मा कपाळावर घेतला. "बाई, उद्घाटनाला पंधरा दिवस राहिलेत."

"घागरी रिकाम्या दिसतात."

"कुणाला दिसतात?"

"जारवाल्याला."

मालकांनी तिच्याकडं नीट पाहिलं, बाईंची तब्येत बरी आहे ना अशा नजरेनं. मग ड्रॉवरमधून समितीचा कागद काढून टेबलावर ठेवला. समितीत नऊ तज्ज्ञ होते आणि त्यांच्या सूचनांचे बेचाळीस मुद्दे होते. चौदावा मुद्दा मालकांनी नखानं दाखवला. पाणी नेणाऱ्या स्त्रियांची चाल डौलदार व प्रसन्न असावी. थांबणे टाळावे. "वाचलंत? थांबणे टाळावे. आता मी समितीला जारवाल्याचं मत कळवू?" आणि तिचा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाले, "होईल, करू. पुढच्या टप्प्यात."

थांबणे टाळावे. बसमध्ये तिला उभं राहायला जागा मिळाली आणि सगळ्या वाटेत ते दोन शब्द तिच्या दातात तंतूसारखे अडकून राहिले, जिभेनं कितीही ढकला. हे ती याआधी कुठंतरी ऐकून होती. समितीच्या भाषेत नाही, स्वतःच्या आवाजात. चौथा मजला, आई मधल्या वळणावर थांबलेली, कमरेवर घागर, मोकळा हात भिंतीला, मागं तीन बायका आपापलं पाणी घेऊन खोळंबलेल्या, आणि ही अकरा वर्षांची, हातात छोटी बादली घेऊन पुढं चार पायऱ्यांवरून मागं वळून म्हणतेय, "चल ना आई! सगळे बघतायत!" कोणी बघत नव्हतं. मागच्या तिघी आनंदानं थांबल्या होत्या, कारण आई थांबली की त्यांनाही थांबायला मिळायचं. पण हिला लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणींच्या आया थांबत नसत, त्यांच्या घरात नळ होता. आई काही बोलायची नाही. बोलायला श्वास लागतो. हात उचलायची, आणि भिंतीवर त्या हाताच्या जागी काळपट, तुकतुकीत डाग. आईचा एकटीचा नव्हे, वरच्या दोन मजल्यांवरच्या सगळ्या बायकांचा मिळून एक. घरमालक दरवर्षी तो रंगवून घ्यायचा आणि दरवर्षी तो परत उमटायचा. मग त्यानं पाटी लावली, 'भिंतीला हात लावू नये'. बायकांना वाचायला वेळ नव्हता. शेवटी एका सकाळी त्यानं नेमक्या हाताच्या उंचीवर डांबराचा ओला पट्टा मारला. पहिला बळी आईचा. तळहात काळा झाला, रॉकेलनं चोळून चोळून लाल झाला तरी रेषांमधलं डांबर आठवडाभर निघालं नाही. चालबाईला वाटलं होतं की आई रडेल. आई संध्याकाळी पाणी भरायला निघाली, वळणावर आली, पट्टा बघितला, त्याच्या बरोबर वर एक वीत हात टेकवला, आणि मागच्या बायकांना म्हणाली, "बघून टेका गं, मालकांनी खाली काजळ घातलंय भिंतीला." जिना हसला होता. पाण्यासकट हसल्या होत्या त्या सगळ्या, आणि घागरींमधलं पाणी पायऱ्यांवरून खाली गेलं होतं.

घरी आई खिडकीपाशी पाय लांब करून बसली होती. आईला आता एकाहत्तर. घरात नळ होता, गरम पाण्याचासुद्धा, आणि आईचे गुडघे मात्र त्या जिन्यावरच राहिले होते. चालबाईनं तिला फोनवर बायका दाखवल्या. आईनं फोन लांब धरला, जवळ धरला.

"छान आहेत," आई म्हणाली. "लग्नाच्या फोटोला निघाल्यात?"

"पाणी भरून येतायत."

"असं?" आईनं परत बघितलं. "मग पाणी खालीच विसरून आल्या असतील. पाठव परत."

चालबाई हसली नाही. तिनं फोन घेऊन त्या अकरा जणी पहिल्या पायरीपासून परत चालवून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं थर्माकोलची घागर कचऱ्यात टाकली, बाजारातून धातूची आणली, फरशीवर रबराची चटई पसरली, सात लाकडी पायऱ्या आणि वर वळण म्हणून चौरस फळी असा जिना सुताराकडून जोडून घेतला, शेजारी प्लायवुडची भिंत उभी केली आणि पोशाख स्वतः चढवला. मालक दिवसभर बाहेर होते. घागर गळ्यापर्यंत भरून ती कमरेवर घेऊन चढली, आणि तिसऱ्याच पायरीला तिच्या शरीरानं तिला ओळखलं. डावी कूस बाहेर गेली, उजवा खांदा खाली आला, जीभ दातांच्या मागं जाऊन बसली. हे सगळं कुठं होतं इतकी वर्षं? वळणावर ती थांबली आणि हात आपोआप प्लायवुडला टेकला. टिपलेली चाल तिनं टाक्याच्या आत नेऊन बसवली. टाकं कॉम्प्युटरमध्ये दगडन्‌दगड होतं, लेझरनं मोजलेलं. भूत पायऱ्या चढलं, वळणावर थांबलं, उजवा हात उजवीकडच्या खडकावर टेकला. आणि टेकलेल्या हाताच्या खाली, सहा बोटं खाली, एक दिवा जळत होता.

तो दिवा तिनं शंभरदा पाहिला होता. समितीचा अठ्ठाविसावा मुद्दा: वळणावरील कोनाड्यात दिवा दाखवावा. त्यावरून स्टुडिओत मोठी चेष्टा झाली होती, कारण तो कोनाडा म्हणजे अंगठा मावेल एवढा खोल. दिवे करणाऱ्यानं कसाबसा एक इवलासा दिवा केला तरी अर्धा भिंतीत बुडत होता. चालबाईनं दिवा लपवला आणि नुसता दगड मोठा करून पाहिला. कोनाडा नव्हताच तो. छिन्नीचा एक घाव नव्हता. आजूबाजूच्या खडकावर छिन्नीच्या तिरप्या रेघा होत्या, पावसाच्या सरीसारख्या, आणि त्यांच्या मध्ये हा खळगा, पसरट, गुळगुळीत, कडांना हळूहळू विरत गेलेला. कुणी खोदलेला नाही. झिजलेला.

तिनं मोजणीवाल्या काकांना फोन लावला. हा म्हातारा माणूस तरुणपणी दोन उन्हाळे त्या टाक्यात टेप घेऊन बसला होता आणि एकेक दगड वहीत उतरवला होता. पायऱ्यांच्या उंचीसाठी तिनं त्यांना आधीही दोनतीनदा छळलं होतं.

"काका, वळणावरचा दिव्याचा कोनाडा..."

"कसला कोनाडा!" काका फोनवरच उसळले. "मी वहीत काय लिहिलंय ते सांगतो थांब. उजव्या भिंतीत खळगा, पायरीपासून साडेतीन फूट, कारण अज्ञात. मला माहीत नव्हतं म्हणून अज्ञात लिहिलं. मला त्याची लाज वाटली नाही. वरच्यांना वाटली. त्यांनी माझी ओळ खोडून दिवा लावला. अज्ञात म्हटलं की माहितीपत्रक चांगलं दिसत नाही म्हणे."

"तिथं काजळी होती का काका? दिव्याची?"

"काजळीचा कणसुद्धा नाही. तेव्हाही तेच ओरडून सांगत होतो." मग आवाज खाली आला. "का गं? तुला काय दिसतंय?"

तिला जे दिसत होतं ते सांगायचं धाडस तिला झालं नाही, कारण सहा बोटं कमी पडत होती. ती साडेपाच फूट उंच. हात खळग्याच्या वर पडत होता. भुताचं सगळं अंग तिनं लहान करून पाहिलं तर गुडघे हलके झाले आणि चाल पुन्हा खोटी दिसायला लागली. पन्नाशीतही तिची पाठ धड होती, थांबली तरी ती ताठ थांबत होती. आकडे दाबून दाबून हात खळग्यात नेऊन ठेवता आला असता. एका बटणाचं काम. समितीनं दिव्याचं तेच तर केलं होतं, आधी मनात ठरवलं आणि मग दगडाला मानायला लावलं. नाही. हात स्वतःहून पडला तरच पडला. संध्याकाळी आई न्हाणीघरातून खोलीत येत होती. साडेचार फुटांवर चार बोटं उंची. दाराच्या चौकटीपाशी थांबली, हात टेकवला. चालबाईनं चौकटीकडं पाहिलं. पांढऱ्या रंगावर एक मळकट डाग. रोज पुसत होती ती हा डाग. रोज.

"काय बघतेस?" आई म्हणाली.

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, खळगा, दिवा, सहा बोटं. मागायचं मात्र काही नव्हतं, एकाहत्तर वर्षांच्या बाईला घागर घेऊन चढायला कोण सांगेल? आई ऐकत राहिली, आणि मग जणू कुणी शेजारणीकडं जायचं विचारलं असावं तशी म्हणाली, "किती पायऱ्या?"

"नाही आई. तुझे गुडघे..."

"माझे गुडघे मला नको शिकवूस. किती?"

"सात. पण नाही. फार तर अर्धी घागर."

"अर्धी?" आईला खरोखरचा राग आला. "अर्धी घागर कधी उचलली होतीस का गं? अर्धं पाणी आत हिंदकळतं, प्रत्येक पावलाला पाडायला बघतं. भरायची तर गळ्यापर्यंत भर. भरलेलं पाणी शहाणं असतं, गप्प बसतं."

रविवारी सकाळी स्टुडिओ बंद असतो. चालबाईनं मालकांना किल्ली मागितली तेव्हा कशासाठी तेही सांगितलं, आणि 'होईल, करू' ऐकायची तयारी ठेवली. मालकांनी ड्रॉवरमधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "करू." नुसतं करू. रविवारी ते स्वतः हजर होते, बाह्या वर सारून, आणि पाण्याच्या दोन बादल्या त्यांनी खालच्या नळावरून जिन्यानं आणल्या होत्या कारण आईला वर सोडून लिफ्ट परत बंद पडली होती. घामानं निथळत ते म्हणाले, "बाई, दुसऱ्या मजल्यावर मी थांबलो." आणि ओशाळं हसले. चालबाईनं त्यांच्या उजव्या हाताकडं बघितलं. तळव्याला भिंतीचा चुना लागला होता.

आईला काळा पोशाख चढवणं हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला. "मला काय सर्कशीत उभी करताय का हो?" आईनं मालकांना विचारलं. पांढरे गोळे गुडघ्यांवर लावताना म्हणाली, "आणखी दोन लाव तिथं, दुखतंय जास्त." मग घागर भरली. मालक पायऱ्यांच्या एका बाजूला उभे राहिले, दुसऱ्या बाजूला चालबाई, दोघांचे हात पुढं, झेलायला तयार. आई घागरीपाशी वाकली आणि वाकताना एकाहत्तर वर्षांची होती, उठली तेव्हा चालबाईला तिचं वय सांगता आलं नसतं. घागर कमरेवर अशी जाऊन बसली जशी ती कधी उतरलीच नव्हती. पहिली पायरी. टाच आधी, मग जड, कष्टाळू अंगठा. दुसरी. तोंड मिटलेलं. चौथ्या पायरीला आईच्या नाकातून एक आवाज निघाला, बारीक, लयीत, आणि चालबाईच्या मानेवर काटा आला, कारण हा आवाज तिनं पहाटे अंथरुणातून ऐकलेला होता, जिन्यातून येणारा, आणि ती तेव्हा डोक्यावरून पांघरूण घ्यायची. सातवी. आई फळीवर आली, थांबली, आणि हात भिंतीला टेकला. बोटं पसरलेली. डोळे उघडे, कुठंच न बघणारे. चालबाईच्या तोंडून शब्द निघणार होता, तो तिनं दातांनी धरला. सहा, सात, आठ सेकंद. नऊ. चल ना आई, असं या वेळी कोणी म्हणालं नाही. एकोणचाळीस वर्षांनी आई हवा तेवढा वेळ थांबली.

मग मालकांनी घागर उतरवून घेतली आणि आई फळीवर बसून धापा टाकत हसायला लागली. "बाकीच्या पंच्याऐंशी तू चढ," मुलीला म्हणाली. "तुला येतं. थांबायचं माझ्याकडून घे."

तसंच केलं. चढणं मुलीचं, आईच्या मापानं बेतून घेतलेलं; थांबणं आईचं, जसंच्या तसं, बोटसुद्धा न हलवता. टाक्यात बसवून तिनं चालवलं तेव्हा मालक तिच्या खुर्चीमागं उभे होते. भूत तळातून निघालं, काळ्या पाण्यातून वर, पायऱ्या मोजत. वळणावर आलं, थांबलं, हात वर झाला, आणि दिव्याच्या ज्योतीतून आरपार जाऊन खळग्यात बसला. बसला म्हणजे बसला. तळहाताचा फुगीर भाग खळग्याच्या खोलगट बाजूला, बोटं वरच्या कडेला जिथं दगड विरत गेला होता. एका बोटाचाही फरक नाही. कुठल्या तरी आईनं, तिच्या आईनं, तिच्या सुनेनं, शेकडो वर्षं, रोज, भरलेल्या घागरीसकट इथं श्वास घेतला होता. खडकानं तो हात ठेवून घेतला होता. कुठल्याही घरमालकाला रंगवता न येणारा डाग.

मग मालक पुढं झाले, माऊस हातात घेतला आणि दिवा स्वतः पुसून टाकला.

आईनं जाड चष्मा लावून पाहिलं. खुर्चीत बसल्या बसल्या तिचा उजवा हात हवेत वर गेला आणि तिथंच थांबला. "दमलीय ती," आई म्हणाली. "घाई करू नका तिला." सोमवारी जारवाला आला, जार उलटा केला, पडद्याकडं बघितलं, मान तिरकी केली. सगळा स्टुडिओ श्वास धरून बसला होता. "हां," तो म्हणाला. "आता आहे पाणी." आणि दारातून वळून, "ही आपल्यातली दिसते."

त्या दुपारी चालबाईनं पत्र कागदावर उतरवलं. सातवी सुरुवात तिनं सरळ ठेवली, पहिला कबुलीजबाब स्वतःचा: 'समजायचं' असं मी म्हणाले होते, ती चूक माझी. त्याखाली तुमच्या चुका. तुम्ही जाणत्या माणसाची 'कारण अज्ञात' ही प्रामाणिक ओळ खोडलीत आणि कधीच न जळलेला दिवा लावलात. टाक्याच्या दारावर खोदणाऱ्या राजाचं नाव आहे, डागडुजी करणाऱ्यांची आहेत, तुमची नऊ नावं संगमरवरात यायची आहेत. ज्यांच्या हातानं खडक झिजला त्यांना मात्र तुम्ही हसत हसत, न थांबता, रिकाम्या हातानं वर पाठवायला निघालात. सोबत मोजमाप जोडलं आहे, वहीचं पान जोडलं आहे. मालकांनी खाली सही केली, आणि मोजणीवाले काका दोन बस बदलून सही करायला आले.

शेवटचा परिच्छेद तिनं एकाच दमात लिहिला. दिवा आम्ही काढला आहे. एक बाई टाक्याच्या वळणावर येऊन थांबली आहे, आणि तुमचा चौदावा मुद्दा म्हणतो की तिनं थांबू नये. तिला थांबू देणार की नाही? पुढच्या टप्प्यात बघू, असं चालणार नाही. हो किंवा नाही, एवढंच लिहा, आणि लवकर लिहा, कारण तिच्या कमरेवरची घागर गळ्यापर्यंत भरलेली आहे. उत्तर द्या.